पथ्याची लेखी चिठ्ठी

नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही सर्वसाधारण दवाखान्यात, मधुमेहाचे निदान प्रथमच झालेल्या रोग्याच्या हाती जो कागद पडतो, त्यावर मेटफॉर्मिनची मात्रा, ती केव्हा घ्यावयाची आणि रक्त पुन्हा कधी तपासावयाचे, हा सर्व तपशील यथास्थित नमूद केलेला असतो; परंतु तो रोगी उद्या सकाळपासून काय आणि किती खाणार, याविषयी त्या कागदावर एक अक्षरही नसते, आणि त्यासंबंधी जे सांगावयाचे ते, तो खुर्चीवरून उठत असता व पुढचा रोगी दारातून आत येत असता, ‘गोड बंद, भात बंद, बटाटा बंद’ अशा तीन हुकमांत उरकले जाते. औषध लेखी आणि पथ्य तोंडी, हा आपल्या व्यवसायातील रिवाज इतका जुना आहे की, त्यात काही विपरीत आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. नव्याने निदान झालेल्या मधुमेह्याच्या बाबतीत तरी हा रिवाज मोडला पाहिजे आणि तो लवकर मोडला पाहिजे, असे आमचे मत आहे.

घाई कशासाठी, याचे उत्तर २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या ब्रिटिश अभ्यासात मिळते. रॉय टेलर आणि माइक लीन यांनी स्कॉटलंड व टाइनसाइड या भागांतील ४९ दवाखान्यांतून सुमारे तीनशे रोगी घेतले. सर्वांचे निदान सहा वर्षांच्या आतले होते व कोणीही इन्सुलिनवर नव्हता. निम्म्यांना नेहमीचा उपचार मिळाला. उरलेल्यांची मधुमेहाची औषधे आरंभीच बंद करून त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या पेयस्वरूप आहारावर ठेवण्यात आले आणि नंतर क्रमाक्रमाने रोजच्या अन्नावर आणले गेले. वर्षाअखेर या गटातील ४६ टक्के रोग्यांचा एचबीएवनसी औषधावाचून ६.५च्या खाली होता. ज्यांनी १५ किलो वा त्याहून अधिक वजन उतरविले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते, आणि ज्यांचे वजन पाच किलोंनीही घटले नाही त्यांच्यात अवघे ७ टक्के. दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरले हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण ‘मधुमेह मुळासकट नाहीसा’ अशा पाट्या लावून बसलेल्या मंडळींना ते सांगावयाचे नसते. यकृतात व स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात; परंतु रोग जसजसा जुना होतो तसतशी ही उभारी त्या पेशींत उरत नाही. आहाराने सर्वाधिक साधते तो काळ निदानाच्या लगतचा, आणि नेमक्या त्याच काळात आपण आहाराविषयी सर्वांत कमी बोलतो.

यावर आपल्यातील पुष्कळांचा आक्षेप ठरलेला आहे: तो रोगी शंभर किलोंचा विलायती, आमचा अहमदपूरचा किंवा मुखेडचा रोगी साठ-बासष्ट किलोंचा, हातापायांच्या काड्या झालेला, त्याचे वजन ते काय उतरवावयाचे? आक्षेप वरवर रास्त आहे. परंतु पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जो अभ्यास चालविला, त्याने दाखवून दिले की आपल्याकडील बालक जन्मतः सरासरी २.७ किलोंचे, म्हणजे इंग्रज बालकाहून पाऊण किलोने हलके असले, तरी त्याची तूट स्नायूंत आणि इंद्रियांत असते; चरबी मात्र त्याने बव्हंशी राखलेली असते. पुढे हाच ‘कृश-स्थूल’ देह सदऱ्याखाली झाकलेले पोट घेऊन आपल्या बाकड्यावर येतो. १९७२च्या दुष्काळात ज्यांच्या आया खडी फोडून मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढीत होत्या, ती पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. आणि गर्भावस्थेतील उपासमारीने पुढे साखर पचविण्याची शक्ती उणावते, हे नेदरलंड्समधील १९४४-४५च्या हिवाळी दुष्काळातील मुलांच्या बाबतीत आढळून आले आहे. म्हणूनच आपल्याकडे वजन-उंचीचा निर्देशांक २३ झाला की वजन वाढले असे समजावयाचे, आणि वजनकाट्याइतकाच मान शिंप्याच्या टेपाला द्यावयाचा. टेलर यांनीच पुढे सरासरी २५च्या आतील निर्देशांकाच्या २० रोग्यांवर प्रयोग केला, तेव्हा दहा ते पंधरा टक्के वजन उतरवून त्यांपैकी १४ जण औषधमुक्त झाले. संख्या लहान आहे, पण ‘बारीक माणसाला पथ्य कशाला’ हा समज हलविण्यास ती पुरेशी आहे.

आता रोग्याच्या ताटाकडे वळू. ‘गोड तर मी खातच नाही, साहेब,’ असे प्रत्येक नवा रोगी शपथेवर सांगतो, आणि तो लबाडी करीत नसतो.

‘मामा, चहा किती वेळा होतो?’

‘होतो की पाच-सहा बार. कुणी आलं-गेलं की कपभर घ्यावाच लागतो.’

कपाला दोन लहान चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर. सहा कपांत पन्नास ग्रॅमांची भरती. ही साखर त्याच्या लेखी गोडात जमा नाही, चहात जमा आहे. पुढे विचारावे तर सकाळी सुशीला झालेली असते, म्हणजे बशीभर भिजवलेले मुरमुरे, ज्याला तो हलकी न्याहारी समजतो आणि जी रक्तातील साखर भराभर चढविते. दुपारी दोन भाकरी, रात्री दोन. तराजू घेऊन मोजले तर हातावर थापलेल्या भरदार भाकरीला ८० ते १०० ग्रॅम पीठ लागते. चार भाकरींचे पीठ झाले साडेतीनशे ग्रॅमांच्या घरात, आणि त्यात केवळ पिष्टमय पदार्थ सुमारे २५० ग्रॅम. सोबत तळहातावर मावेल इतकी भाजी आणि ज्यातून वाटीचा तळ दिसतो असे वरण. सोमवारी किंवा चतुर्थीला उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, जी जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. आणि ‘साखर नको म्हणाले म्हणून गूळ घेतो’ हे वर. अशा रोग्याला ‘गोड बंद’ सांगणे म्हणजे ज्या दाराने चोर येतच नाही त्याला कुलूप लावणे होय.

येथे एक लोकप्रिय समज स्पष्ट शब्दांत नामंजूर केला पाहिजे. गहू सोडून ज्वारी धरा, साखर आपोआप उतरेल, असे आपण सांगतो आणि रोग्यालाही ते रुचते, कारण ज्वारी ही त्याच्या बापजाद्यांची. मालदांडीची भाकरी उत्तम अन्न आहे, तिच्यात कोंडा अधिक आहे, गव्हापेक्षा ती काकणभर सावकाश पचते, हे सर्व मान्य. परंतु शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्टमय भाग जवळपास गव्हाइतकाच, सत्तर ग्रॅमांच्या आसपास असतो. पंचवीस-तीस ग्रॅमांच्या तीन पोळ्या सोडून नव्वद ग्रॅमांच्या दोन भाकरी धरणाऱ्याने आपला भार दुपटीने वाढविलेला असतो, आणि तोही डॉक्टरांच्या शिफारशीने. धान्याच्या जातीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रश्न मापाचा आहे. शिवाय शिधापत्रिकेवर मुख्यतः गहू-तांदूळच मिळतात, २०२३पासून ते विनामूल्य मिळतात, आणि ज्वारी बहुधा बाजारातून रोख घ्यावी लागते. तेव्हा ‘भात बंद’ हा हुकूम ज्या घरात तांदूळच फुकट येतो त्या घरात किती दिवस अंमलात राहील, याचा विचार तो सोडणाऱ्याने करावयास हवा.

कमी केलेल्या भाकरीच्या जागी काय द्यावयाचे, हे सांगितल्याविना पथ्य टिकत नाही. रोगी उपाशी उठतो आणि आठव्या दिवशी पूर्वपदावर येतो. लातूरची तूर आणि तिच्या डाळीच्या गिरण्या सर्वत्र प्रसिद्ध; नांदेड-लातूरच्या शिवारात सोयाबीन बांधापासून बांधापर्यंत; आणि ते पिकविणाऱ्याच्याच घरी वरण पातळ. चाळीस टक्क्यांच्या जवळ प्रथिने असलेले सोयाबीन आडतीवर जाते आणि घरात फक्त तेलाचा डबा परत येतो. वास्तविक या मुलखाला अन्नशास्त्र शिकविण्यासाठी परदेशी तक्ते आणण्याचे कारण नाही: वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी होते, तिच्यात तूर, वाटाणा, हरभरा, पावट्याचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती पालेभाजी इतकी असते की, ते एक वाडगे आधी पोटात गेल्यावर उंड्याचा तुकडा पुरतो. (त्या पंगतीची खीर येथे हिशेबात धरलेली नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.) डाळ व भाजी आधी आणि भाकरी शेवटी, या क्रमाने जेवल्यास जेवणोत्तर साखर कमी चढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. या क्रमाला पैसा लागत नाही.

आहाराचा विषय लातुरात निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव टाळता येत नाही, आणि टाळूही नये. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक असता, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून त्यांनी जी पद्धती मांडली, म्हणजे भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, तिने महाराष्ट्राच्या घराघरांत आहाराची चर्चा नेली. हे काम आपल्या सर्वांच्या तोंडी पथ्याने कधीच साधले नव्हते. ‘दीक्षित की दिवेकर’, म्हणजे दोनदाच जेवावे की थोडे थोडे वारंवार खावे, या वादात मात्र आम्हांस फारसे स्वारस्य नाही. प्राग येथे ५४ मधुमेह्यांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तितक्याच कॅलरी सहा वेळा खाण्यापेक्षा दोन वेळा खाल्ल्याने वजन आणि यकृतातील चरबी अधिक घटली, ही गोष्ट दोन जेवणांच्या बाजूने बोलते. तथापि त्या रोग्यांची दोन जेवणे सकाळची न्याहारी आणि दुपारचे भोजन ही होती, आणि एकूण अन्न दोन्ही आहारक्रमांत रोजच्या गरजेहून ५०० कॅलरींनी कमी केलेले होते. आपला रोगी दोन जेवणे पाळतो, पण त्यांतील दुसरे रात्री साडेनऊला, तीन भाकरींचे. आणि साखर उतरली नाही म्हणून पद्धतीला दोष देतो. कोणतीही पद्धती द्यावी, माप द्यावे.

धोक्याची बाजू औषधाकडे आहे. ग्लिमेपिराइड चालू ठेवून ज्याने एका जेवणाला फाटा दिला, तो दुपारी चार वाजता घाम फुटून शेतात कोसळतो. डापाग्लिफ्लोझिनवरील ज्याने भाकरी पार सोडली, त्याच्या रक्तात साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोनविषबाधा होऊ शकते. म्हणून आहार कमी करण्याची चिठ्ठी लिहितानाच औषध कमी करण्याची चिठ्ठीही लिहिली पाहिजे, आणि इन्सुलिनवरील रोग्याला तर रोजच्या तपासणीवाचून यात उतरवूच नये. त्याचबरोबर तरुण, झपाट्याने वाळत चाललेला, लघवीत कीटोन असलेला रोगी आला तर त्याला पथ्य सांगत बसणे हा अपराध आहे. त्याला इन्सुलिन हवे, आणि खोकला असेल तर क्षयाची तपासणी त्याच दिवशी हवी. चरकाने स्थूल आणि कृश असे दोन प्रमेही वेगळे काढून कृशाचे पोषण करावयास सांगितले. सुश्रुताने निर्धन प्रमेह्याला शंभर योजने अनवाणी चालावयास किंवा विहीर खणावयास लावले, पण कृशाला मात्र जपावयास बजावले. मराठवाड्यात विहीर खणणाराला पाणी लागेलच असे नाही, साखर मात्र उतरेल. आणखी एक दक्षता स्त्रियांच्या बाबतीत: लोहाच्या उणिवेने एचबीएवनसी खोटा वाढलेला दिसतो, तेव्हा पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांच्या बाईला केवळ त्या एका आकड्यावर आयुष्यभराचा मधुमेह बहाल करू नये.

चिठ्ठी कशी असावी? तिच्यावर घरातील भांड्यांचीच मापे असावीत. दुपारी आधी दोन वाट्या पालेभाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, काकडी वा मुळा, मग हातभर नव्हे तर वितीची एक भाकरी. रात्री तेच, अर्ध्या भाकरीने, सूर्यास्ताच्या सुमारास. चहा दोनदा, बिनसाखरेचा. उपासाला साबुदाण्याऐवजी ताक व भाजलेले शेंगदाणे, मूठभर. ही चिठ्ठी रोग्याच्या हाती न देता, भाकरी थापणाऱ्या हाती द्यावी, मग ती पत्नी असो वा सून, आणि तिला समोर बसवून वाचून दाखवावी. कारण चिठ्ठीचा अंमल तिच्याच काठवटीवर व्हावयाचा आहे. ज्याच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्याने महिन्यातून काही वेळा एकाच जेवणाच्या आधी व दोन तासांनंतर अशा दोन पट्ट्या वापराव्यात. रोज सकाळी उपाशीपोटी एक पट्टी घालविण्यापेक्षा त्याने ताटाची कैफियत अधिक कळते.

हे सर्व करण्यास वेळ कोठून आणावयाचा, असा प्रश्न साठ-सत्तर रोगी पाहणारा वैद्य विचारील, आणि तो गैरवाजवी नाही. पहिल्या भेटीत पंधरा मिनिटे आणि नंतर दर पंधरा दिवसांनी पाच, एवढी तजवीज केवळ नव्या रोग्यांपुरती केली तरी भागेल. परिचारिका वा आशाताई यांना चिठ्ठी समजावून देण्याचे काम शिकविता येते. वाचकांस आमची विनंती अशी की, येत्या तिमाहीत नव्याने निदान झालेल्या आपल्या रोग्यांना अशी लेखी चिठ्ठी द्यावी, आणि तीन महिन्यांनी तिची नक्कल, रोग्याचे नाव-गाव झाकून, आरंभीचे व नंतरचे वजन, कंबरेचे माप, एचबीएवनसी आणि कमी केलेली वा वाढवावी लागलेली औषधे यांच्या नोंदीसह संपादकांच्या पत्त्यावर धाडावी. जेथे चिठ्ठी फसली त्या नोंदीही धाडाव्यात. त्यांच्यासाठी पानांची जागा आधीच राखून ठेवली आहे.