खदानीचे पाणी आणि पाणबुड्यांची सहल

पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली विहार करण्याचा छंद महाराष्ट्रात मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रुजला. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील तरुणांनाही त्याची ओढ वाटली, तर नवल नाही. समुद्र जवळ नाही, पण बाभुळगाव तालुक्यासारख्या काळ्या पाषाणाच्या मुलुखात गिट्टीच्या खदानी आहेत, आणि उपसा थांबलेली खदान दोन-चार पावसाळ्यांत काठोकाठ भरते. मग एका दिवसाची सहल तेथेच का काढू नये?

ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगण्यातील स्टोनी कोव्ह या ग्रॅनाइटच्या खाणीचे काम १९५८ साली थांबले, झऱ्यांच्या पाण्याने ती भरली, आणि आज समुद्रापासून दूर राहणारे पाणबुडे तेथे शिक्षण घेतात. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये सूरजपूर जिल्ह्यातील केनापारा येथे कोळशाच्या सोडून दिलेल्या खाणीत नौकाविहार चालतो. तेव्हा खाणीला दुसरा जन्म मिळू शकतो, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न एवढाच की तो जन्म कोणत्या तयारीनंतर मिळतो.

स्टोनी कोव्हचे टप्पे मोजलेले आहेत. पहिला सहा-सात मीटरांवर, दुसरा वीस-बावीस मीटरांवर, आणि तळ सुमारे पस्तीस मीटरांवर. नवशिका पहिल्या टप्प्याखाली जात नाही. आपल्याकडील किती बेवारशी खदानींची खोली तलाठ्याच्या दप्तरात नोंदलेली सापडेल? काठापासून दोन पावलांवर कमरेएवढे पाणी आहे की तीन पुरुष, हे बुडणाऱ्यालाच प्रथम कळते. आपली मुले पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. विहिरीला पायऱ्या असतात, निदान दोर तरी असतो. खदानीचा कडा उभा तुटलेला, काठची गिट्टी सुटी, वरचे पाणी उन्हाने कोमट आणि काही हातांखाली एकाएकी गारठलेले. तळाशी गंजलेले तारदोर असतील किंवा न उडालेला एखादा सुरुंगही असेल. त्याची माहिती फार तर जुन्या कंत्राटदाराला.

पाण्याखाली जाणाऱ्याचा हिशेब मुळात साधा असतो, पण तो काठावरच करावा लागतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट. बारा लिटरांच्या टाकीत दोनशे पट दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला वीस लिटर लागणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल, दहा मीटरांवर एकच तास आणि वीस मीटरांवर चाळीस मिनिटे. त्यातूनही पाव हिस्सा हवा परतीसाठी राखून ठेवावयाची. घाबरून श्वास रोखून वर धावणाऱ्याच्या फुप्फुसातील हवा दहा मीटरांच्या चढणीत दुपटीने फुगते, आणि फुप्फुस फाटू शकते. त्यावरील उपचारासाठी लागणारा दाबकक्ष तालुक्याच्या दवाखान्यात नसतो. म्हणूनच प्राणवायूचे नळकांडे, वाट पाहणारे वाहन, काठावर नावनिशी टिपणारा एक जबाबदार माणूस आणि पाण्यात प्रत्येकाला जोडीदार, एवढे जमल्यावाचून सहलीचा बेत पुरा झाला असे म्हणता येत नाही. डबा-चटईचा विचार त्यानंतर.

या शिस्तीकडे पाहिले की आपली लाज अधिकच उघडी पडते. हौशी पाणबुडा एका तासासाठी जेवढी काळजी घेतो, तेवढी खदान खोदणाऱ्याने आणि खोदू देणाऱ्याने तिच्या उभ्या आयुष्यात घेतलेली नसते. गिट्टी हे गौण खनिज, आणि त्यावर शासन स्वामित्वधन वसूल करते. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठानेही आली. काठाला कुंपण, मोजलेल्या खोलीचा फलक आणि लोंबता दोर यांना किती पैसा लागतो? गुरे धुवायला गेलेली पोरे आणि विसर्जनाला उतरलेले तरुण बुडाले की चार दिवस हळहळ होते, मग पुढचा पावसाळा येतो.

बुडालेल्याला शोधण्यासाठी गावोगाव बहुधा भोई बांधवांनाच हाक मारली जाते. श्वास कोंडून, डोळ्यांपुढे गढूळ अंधार असताना, हाताने चाचपडत ते तळ धुंडाळतात. त्यांच्याजवळ टाकी नसते, मुखवटा नसतो, विमाही नसतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीविद्येची संस्था तारकर्लीला आहे. बाभुळगावच्या एखाद्या खदानीत पाणबुड्यांचा पहिला दिवस भरायचाच असेल, तर त्या दिवशी तेथील शिक्षक इकडे यावेत, बेंबळा आणि वर्धेच्या काठचे दहा-बारा भोई तरुण प्रथम शिकावेत, आणि त्यांनीच दोरी सोडून तळ मोजावा. तो आकडा काठावरच्या दगडावर रंगवला गेला, की हौशी मंडळींनी आपल्या टाक्या खुशाल आणाव्यात.