मुलास कॉलेजांत घालण्यापूर्वीं

मृगाचा पाऊस आणि कॉलेजांचे प्रवेश हीं दोन्ही एकाच सुमारास शेतकऱ्याच्या दारांत येऊन उभीं राहतात. बियाणें, खत व मजुरी यांसाठीं ज्या महिन्यांत घरांतील शेवटचा रुपया बाहेर पडतो, त्याच महिन्यांत मुलाची बारावीची गुणपत्रिका हातीं येते आणि फीचा आंकडा कानीं पडतो. मग घाई होते. घाईंत शेजाऱ्याचा मुलगा जेथें गेला तेथेंच आपलाही धाडला जातो, आणि पैशाची सोय कशी करावी याचा विचार न होतां जी सोय प्रथम दिसेल ती पत्करली जाते. ज्या शेतकऱ्यास बैल घेतांना चार बाजार हिंडून दांत पाहण्याची संवय आहे, तोच मुलाच्या चार वर्षांचा सौदा एका दुपारींत उरकतो, हें पाहून आम्हांस वाईट वाटतें.

आमचें म्हणणें शिक्षणाविरुद्ध आहे असा कोणी गैरसमज करून घेऊं नये. रयतेच्या करांतून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडली. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि बोर्डिंगांतील मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने मोडले. इतक्या कष्टानें उघडलेलें दार आपण आपल्या हातानें लावून घ्यावें असें कोण म्हणेल? तेव्हां मुलांना शिकवावें कीं नाहीं हा वादच नाहीं. कोठें शिकवावें, पैसा कोठून आणावा आणि शिकून आल्यावर त्या विद्येचें काय करावें, हे खरे तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न निवडीचा. महाराष्ट्रांत आज राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (दोन्ही १९७२) अशीं चार कृषि विद्यापीठें आहेत, आणि त्यांच्या कक्षेंत सरकारी व खाजगी अशीं अनेक महाविद्यालयें चालतात. पदवी एकच असली तरी शिक्षण एक नसतें. कॉलेज पाहावयास गेल्यावर इमारतीची उंची पाहूं नये. कॉलेजची स्वतःची शेतजमीन किती, तींत उभें पीक आहे कीं तण, माती तपासण्याचीं उपकरणें मुलांच्या हातीं पडतात कीं कपाटांत कुलुपाआड राहतात, हें पाहावें. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांस बाजूला घेऊन, गेल्या महिन्यांत शेतांत किती वेळां उतरलां, एवढेंच विचारावें. माहितीपत्रकांत जें नसतें तें या एका प्रश्नांत कळतें.

दुसरा प्रश्न पैशाचा. आणि येथें आम्हांस आमच्याच घरची हकीकत सांगणें प्राप्त आहे. आमचें कॉलेजचें शिक्षण मातोश्रींच्या पाटल्या गहाण टाकून झालें. तीर्थरूपांनीं फीचा आंकडा तेवढा विचारला होता. खोलीचें भाडें, खाणावळ, पुस्तकें, येण्याजाण्याचा खर्च, हे सर्व मिळून फीहून अधिक होतात हें पहिल्या दिवाळींत कळलें. त्या पाटल्या सोडवून आणण्यास सहा वर्षें लागलीं. परंतु खरें नुकसान तें नव्हे. त्याच वर्षीं आमच्या धाकट्या भगिनीची शाळा सुटली. एका घरांतून दोघांचा खर्च झेपणार नाहीं, असें तीर्थरूप म्हणाले, आणि आम्ही गप्प राहिलों. ती आमच्याहून हुशार होती. पाटल्या परत आल्या. तिचीं तीं वर्षें परत आलीं नाहींत. म्हणून आम्ही म्हणतों कीं, शिक्षणाच्या खर्चाची वही मांडतांना एका मुलाच्या नांवावर मांडूं नये, सबंध घराच्या नांवावर मांडावी.

त्या वेळीं जी माहिती आमच्या घरीं कोणासही नव्हती ती आज मिळण्यासारखी आहे, तरी पुष्कळांस नाहीं. चार लाख रुपयांपर्यंतच्या शिक्षणकर्जास बँकेनें तारण मागूं नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. असें असतां फीसाठीं जमीन सावकाराकडे लिहून देणारे किंवा बागायतीचा तुकडा विकून टाकणारे लोक आमच्या पाहण्यांत दरसाल येतात. शिक्षणकर्जाची परतफेड बहुधा अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते. विकलेली जमीन मात्र मुलास नोकरी लागली तरी परत येत नाहीं.

अर्थात् कर्ज तें कर्जच. समजा, दरसाल आरंभीं एक लाख याप्रमाणें चार वर्षांत चार लाख उचलले आणि व्याज शेंकडा १० सरळ आहे. पहिल्या वर्षाचें व्याज १०,००० रुपये, दुसऱ्याचें २०,०००, तिसऱ्याचें ३०,०००, चौथ्याचें ४०,००० आणि सवलतीच्या पांचव्या वर्षाचें पुन्हां ४०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वींच १,४०,००० रुपये व्याज चढून देणें ५,४०,००० होतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर महिना सुमारें ७,१०० रुपये पडतात. तेंच व्याज ज्याच्या त्याच्या वर्षीं, ऊंस किंवा कापूस विकल्यावर, भरून टाकलें तर हप्ता सुमारें ५,३०० वर येतो. कोठलेंही कॉलेज ठरविण्यापूर्वीं हा हिशोब बापलेकांनीं एकत्र बसून कागदावर करावा, आणि लेकीसाठींही तितक्याच काळजीनें करावा.

लेकींच्या बाबतींत तर आतां सबबच उरलेली नाहीं. आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास या वर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं घेतला आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय पद्धतीनें झालेला असला पाहिजे. दलालाच्या हातून घेतलेल्या जागेस ही सवलत नाहीं. अल्पभूधारकांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाची निर्वाहभत्ता योजनाही आहे. या सर्वांस तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो मे महिन्यांतच काढून ठेवावा. जुलैंत कचेरीपुढें रांग लागते आणि पेरणी खोळंबते.

तिसरा प्रश्न विद्येच्या उपयोगाचा. शिकून आल्यावर आम्ही तीर्थरूपांस सांगितलें कीं, हरभऱ्याची मर ही दैवानें होत नाहीं. जमिनींत राहणाऱ्या बुरशीनें होते. एकाच रानांत फिरून फिरून हरभरा घेऊं नये, बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावें आणि मर सोसणारें ‘विजय’ वाण पेरावें. तीर्थरूप हसले, परंतु त्यांनीं बांधालगतचा दहा गुंठ्यांचा तुकडा आम्हांस तोडून दिला. पुढल्या हंगामांत त्यांनीं सबंध रानांत तें वाण पेरलें. तोंडानें मात्र कांहीं बोलले नाहींत. आम्हांस वाटतें, पदवीची खरी परीक्षा त्या दहा गुंठ्यांत झाली. शिकलेल्या मुलास वा मुलीस आरंभीं एवढा तुकडा आणि त्याची जमाखर्चाची वही द्यावी. चुकलें तर नुकसान थोडें. साधलें तर सर्व गांवाचा लाभ.

आणि जो मुलगा नोकरीस जाईल त्यास नावें ठेवूं नयेत. तीन एकरांत तीन भावांचें भागत नाहीं हें आपण सर्व जाणतों. खतें व औषधें विकण्याच्या परवान्यास आतां कायद्यानें शिक्षणाची अट आहे. तो धंदा आपल्या शिकलेल्या मुलांनीं प्रामाणिकपणें केला तर शेतकऱ्याचेंच भलें होईल.

शेवटीं आपल्या संस्थेपुढें आमची एक सूचना आहे. प्रत्येक सभासदानें पीक विकल्यावर क्विंटलमागें थोडीशी रक्कम वेगळी काढावी आणि तिचा एक विद्यानिधि करावा. त्यांतून फक्त प्रवेशाच्या वेळची रक्कम, बँकेचें कर्ज हातीं येईपर्यंत, बिनव्याजी द्यावी. गहाणवट होते ती याच दोन महिन्यांच्या अडचणींत. पहिली मदत ज्या घरांत मुलीची शाळा सुटण्याच्या बेतांत असेल त्या घरास मिळावी. पुढील सर्वसाधारण सभेंत सभासदांनीं या सूचनेचा विचार करावा, एवढी आमची विनंति आहे.