प्लॅटिनमची तार
मॉडेल विमानाचं नायट्रो इंजिन सुरू झाल्यावर ग्लो प्लगची दीड व्होल्टची बॅटरी काढली तरी ते धडधडत राहतं. याचं श्रेय इंधनातल्या नायट्रोमिथेनला देणं चूक आहे. ते प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेचं आणि मिथेनॉलचं. ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल एवढ्यावरही ही इंजिनं झकास चालतात. कुणी म्हणेल, तार मागच्या ज्वलनाची धग धरून ठेवते, बस्स. मग साध्या पेट्रोलवर तिचा निभाव का लागत नाही? कारण प्लॅटिनम मिथेनॉलच्या वाफेला उत्प्रेरक ठरतं, त्या प्रक्रियेतून तार तापती राहते आणि दाब वाढताच मिश्रण पेटतं. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी हा प्लग बाजारात आणला आणि चिमुकल्या विमानांच्या पोटातून कॉइल, कंडेन्सर, बॅटरी हे सगळं ओझं उतरलं. पेटण्याची वेळ ठिणगीइतकी नेमकी साधत नाही हे खरं, पण योग्य गरम किंवा थंड प्लग निवडला की ती पुरेशी जुळते.