विजय गोदीत परत का आला नाही?

दोस्तहो, एखादा सिनेमा 'अभिजात' आहे हे ठरवतो कोण? थंडगार थेटरात पॉपकॉर्न खात बसलेला ठरवतो, की जयंतीच्या मैदानात जागा मिळाली नाही म्हणून पडद्याच्या मागे बसून अख्खा पिक्चर उलटा बघितलेला ठरवतो? समीक्षक म्हणतात, पब्लिकला काय कळतं? पब्लिक शिट्ट्या मारतं, रडतं, घरी जातं. मी म्हणतो, पब्लिकला सगळं कळतं. फक्त पब्लिकला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी छापत नाही. म्हणून हे लिहितोय.

मी गोदीत काम करतो, तेव्हा 'दीवार'पासूनच सुरू करतो. पिक्चर १९७५ चा. दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. नायक विजय गोदीतला हमाल, बिल्ला नंबर ७८६. गुंड हप्ता मागतात. एक कामगार नाही म्हणतो, तो मरतो. मग विजय नाही म्हणतो. पळत नाही, गुंडांच्याच गोदामात जाऊन बसतो, आतून कुलूप घालतो आणि एकेकाला लोळवतो.

माझा आजाही गोदीत होता. पाठीवर पोती वाहून त्याचा खांदा कायमचा एका बाजूला कललेला. तो सांगायचा, "त्या मारामारीपतुर पिक्चर आपला व्हता बाबा. मग त्यानं सूट घातला."

एवढीच समीक्षा. यापेक्षा नेमकी मला तरी कुठल्या जाडजूड पुस्तकात सापडली नाही. विजय सूट घालतो, स्मगलर होतो, आईसाठी बिल्डिंग विकत घेतो, शेवटी देवळात आईच्या मांडीवर मरतो. गोदीत तो परत येत नाही. ज्यांच्यासाठी तो गोदामात घुसला त्यांच्या पाठीवरचं पोतं तसंच. त्याचा बाप युनियनचा पुढारी, तो तर आधीच मोडून पडलेला. म्हणजे संघटना हरणार आणि एकटा मर्द जिंकणार, हा या पिक्चरचा हिशोब. टाळ्या आम्ही वाजवल्या. त्याबद्दल मला लाज नाही. पण टाळी वाजवताना आपल्या हातातून काय काढून घेतलं, ते बघायला नको का?

आणि जात? विजय वर्मा. बूटपॉलिश करणारा पोरगा, फेकलेला पैसा न उचलणारा, पण जातीचा पत्ता नाही. हे या मुंबईत, जिथं १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, १९७४ ला वरळी पेटली, आणि परळला मोर्चात वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. चिडलेला तरुण पडद्यावर यायच्या आधी रस्त्यावर आला होता राव! लेखकांनी तो तिथनं उचलला असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, आमच्या लोकांनी थेटरात बसून त्या विजयला स्वतःची जात दिली. पिक्चरनं ठेवलेली रिकामी जागा पब्लिकनं भरली. अभिजात काही असेल तर ते पब्लिकचं हे काम.

आता सुपरहिरोचं. २०१९ ला 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' आला तेव्हा वस्तीतली पोरं उसने पैसे करून मॉलमध्ये गेली, मीही गेलो. मजा आली, खोटं कशाला बोलू? परत येताना लोकलमध्ये दोघांचं भांडण, आयर्नमॅन भारी की थॉर. मी मधे तोंड घातलं. अरे, आयर्नमॅन शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीचा वारस. थॉर राजाचा पोरगा. तिकडचा बॅटमॅन बापजाद्यांच्या इस्टेटीवर. जगाला वाचवायला सुद्धा खानदान लागतं? यावर त्यातला धाकटा म्हणाला, "म्हणून तर आपल्याला स्पायडरमॅन आवडतो. काकीकडं राहतो, कडकी असते."

बघा, कळतं की नाही पब्लिकला? पण त्याच्यापुढे मी अडकलो. कोळी चावला की त्याच्या अंगात ताकद येते. आमचा माणूस मॅनहोलमध्ये उतरतो तेव्हा विषारी वायूनं मरतो. २०१३ चा कायदा आहे, तरी मरतो. लोखंडी सूट शोधणाऱ्या कल्पनाशक्तीला त्या माणसाचा सूट सुचत नाही.

सुपरहिरो कधी येतो? शहर संकटात असतं तेव्हा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक जमले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, १० जणांचे मुडदे पडले. आकाशातनं कोणी आलं नाही. काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. आनंद पटवर्धन १४ वर्षं कॅमेरा घेऊन फिरले, तेव्हा 'जय भीम कॉम्रेड' झाला, २०११ साली. तीन तासांहून मोठा पिक्चर. त्यात उडणारा कोणी नाही. गाणारे आहेत, साक्ष देणारे आहेत, आपली मेलेली माणसं मोजणारे आहेत. माझ्या यादीत पहिला नंबर त्याचा.

दुसरा 'फँड्री'चा, २०१३. राष्ट्रगीत लागतं, सगळं घर ताठ उभं राहतं आणि हातात आलेलं डुक्कर पळून जातं. शेवटी जब्या दगड मारतो तो सरळ आपल्या तोंडावर. १९७४ च्या 'अंकुर'मधेही पोरगा दगड मारतो, पण तो जमीनदाराच्या खिडकीवर. तेव्हा बघणारा सुरक्षित होता. नागराज मंजुळेंनी त्याला सुरक्षित ठेवला नाही. त्यांच्याच 'झुंड'मधे, २०२२ ला, तोच 'दीवार'वाला अमिताभ बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडतो. नाव पुन्हा विजय! ४७ वर्षं लागली विजयला आमच्या वस्तीत यायला. तरी तो मास्तर म्हणूनच आला, तारणारा म्हणूनच आला. पण या वेळी पिक्चरला नाव त्याचं नाही, पोरांच्या घोळक्याचं आहे. मला ही सुरुवात वाटते.

शेवटचं, आपल्याच माणसांना. जयंतीला डीजेवर जो पैसा उडतो त्यातला थोडा बाजूला काढा. मैदानात पडदा बांधा. 'दीवार' दाखवा, 'ॲव्हेंजर्स' दाखवा, 'फँड्री' दाखवा. पण पिक्चर संपला की दिवे लावून माईक पब्लिककडं द्या. धुणीभांडी करणाऱ्या बाईला विचारा, बिगाऱ्याला विचारा, नववीतल्या पोरीला विचारा : यात आपण कुठं होतो? जे बोलतील ते लिहून काढा आणि आपल्याच अंकात छापा.

माझा आजा एक ओळ बोलला आणि गेला. ती ओळ लिहून ठेवायला आमच्या घरात दोन पिढ्या गेल्या. आता आणखी थांबायचं नाही.

जय भीम!