भिडस्त मोहनदासचे लंडन

आपल्या वर्ध्यात महात्माजींवर बोलणाऱ्यांना तोटा नाही. १९३६ साली ते शेगावला राहायला आले, त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले, १९४२ च्या जुलैत काँग्रेस कार्यकारिणीने 'चले जाव'चा ठराव वर्ध्यातच केला, हे सारे आपल्याला पाठ असते. मला मात्र या थोर पुरुषापेक्षा ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून विलायतेला निघालेला अठरा वर्षांचा मोहनदास अधिक जवळचा वाटतो. कारण तो बोलत नसे.

बोटीवर इंग्रजी बोलायची धास्ती आणि काटा-सुरी धरायची भीती, म्हणून हा मुलगा जेवणाच्या टेबलाकडे फिरकत नसे. घरून आणलेली मिठाई आणि फळे आपल्या खोलीत बसून खाई. वसतिगृहात पहिला महिना घरच्या चिवड्यावर काढणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र नवे वाटू नये. लंडनला पोचल्यावर रात्री रडू येई, हेही त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

मित्रहो, अशा मुलाला आज आपण काय सल्ला देऊ? "बिनधास्त बोल, ओळखी वाढव, चारचौघांत मिसळ." व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे हेच सांगतात. मला हा सल्ला पोकळ वाटतो. लाजऱ्याला 'लाजू नको' म्हणणे म्हणजे ताप आलेल्याला 'तापू नको' म्हणणे. मोहनदासला माणसे भेटली ती बोलून नव्हे, भुकेने. मांस न खाण्याचा शब्द आईला दिलेला, आणि पोट तर भरेना. शहरात शाकाहारी खाणावळी आहेत एवढे घरमालकिणीकडून कळले, तेव्हा तो रोज दहा-बारा मैल पायपीट करीत त्या शोधू लागला. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक सापडली. तिथेच एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरचे पुस्तक घेतले, आणि त्या पुस्तकामागून माणसे आली. डॉ. ओल्डफील्ड आले, शाकाहारी मंडळ आले, मंडळाची कार्यकारिणीसुद्धा आली!

कार्यकारिणीत हे गृहस्थ गप्पच. डॉ. ओल्डफील्ड यांनी त्याबद्दल टोकलेही. पुढे संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या डॉ. ॲलिन्सन यांना मंडळातून काढण्याचा घाट घातला गेला. त्यांचे मत मोहनदासला पटत नव्हते, पण तेवढ्यासाठी त्यांना काढणे अन्यायाचे वाटत होते. तो आपले म्हणणे कागदावर लिहून घेऊन गेला. वाचायला धीर होईना, म्हणून अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. ॲलिन्सन यांची बाजू हरली. पण मला विचाराल तर त्या दिवशी एका परक्या पोराने तोंड न उघडता भर सभेत भूमिका घेतली होती.

भिडस्त माणसाची वाट बहुधा कागदावरूनच जाते. १८८३ साली पतीशिवाय अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींना कार्पेंटरबाईंचे घर मिळाले, तेही आधीच्या पत्रव्यवहारामुळे.

आज आपल्यातून कोणी परदेशी गेला तर त्याची अडचण निराळी असते. रस्ता फोन सांगतो, जेवण दारात येते, घरच्यांशी रोज रात्री तोंड पाहून बोलणे होते. कोणाला काही विचारायची गरजच उरत नाही, आणि भिडस्त माणूस गरजेवाचून दार ठोठावत नाही. वर्षभर राहून त्या शहरातल्या एकाही माणसाचे नाव न कळता तो परत येऊ शकतो. मला त्याच्या लाजण्यापेक्षा या सोयीचीच काळजी अधिक वाटते. म्हणूनच परदेशी निघालेल्या माझ्या मैत्रिणीला मी सांगितले, "ओळखी करायला जाऊ नकोस बाई, ज्वारीचे पीठ कुठे मिळते ते शोधायला जा. आणि फोन खोलीवर ठेवून जा."

जाता जाता एक सूचना, छापतील तर. आपल्याकडे वक्तृत्वाची स्पर्धा होते, बोलक्यांना करंडक मिळतो, टाळ्या मिळतात. पुढल्या वर्षी अनोळखी माणसाला पत्र लिहिण्याचीही एक स्पर्धा ठेवावी, आणि त्यातली निवडक पत्रे खरोखरच टपालात टाकावीत. मागच्या बाकांवरून किती नावे येतील ते सरांनीच पाहावे.