रुमालातली काडी



पाहुणे आले की मूल पदराआड लपतं. "नाव सांग ना काकांना!" म्हणून आपण त्याला पुढं ओढतो, ते आणखीच मागं सरतं. पाहुणे हसतात, आणि आपण त्याच्यादेखत पुस्ती जोडतो, "अगदीच मुखदुर्बळ आहे हो!" माझा धाकटा आठ वर्षांचा होईपर्यंत ही पुस्ती मी किती वेळा जोडली असेल, देव जाणे.

त्याला बोलतं केलं ते त्याच्या मामानं. मामा म्हणजे लहानपणी पुण्याला जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहून वेडा झालेला माणूस! एका दिवाळीत त्यानं भाच्याला माळ्यावर नेऊन एक जादू शिकवली. तुम्हाला सांगते, पण बाहेर फोडू नका बरं का.

रुंद शिवणीचा पुरुषी रुमाल घ्या. एका कोपऱ्याजवळ दोन टाके उसवून दात कोरायची लाकडी काडी, टोकं बोथट करून, शिवणीत पुरती लपेल अशी सरकवा. तो कोपरा ओळखू यावा म्हणून आतून रंगीत दोऱ्याचा टाका घाला. आता तशीच दुसरी काडी मुलानं पाहुण्यांना तपासायला द्यायची, रुमालाच्या मधोमध ठेवायची, आणि कोपरे आत दुमडताना खुणेचा कोपरा आधी दुमडायचा. मग चाचपून कापडावरूनच शिवणीतली काडी पाहुण्यांच्या बोटांत द्यायची नि म्हणायचं, "मोडा!" कट्‌कन आवाज होतो, सगळ्यांना ऐकू येतो. फुंकर मारून रुमाल झटकला की अख्खी काडी खाली पडते!

यात लाजऱ्या मुलाला धीर कसला येतो, म्हणाल. त्याला सगळ्यांत जाचतं ते लोकांनी आपल्या तोंडाकडे बघणं. इथं सगळ्यांचे डोळे रुमालावर. काय बोलायचं तेही आधीच ठरलेलं, "काका, ही काडी नीट बघा" इथपासून. कविता म्हणताना एक ओळ विसरली तर सगळ्यांना कळतं. जादूत पुढं काय होणार हेच कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळं चुकलं तरी सावरून घेता येतं. आणि घरातल्या मोठ्या माणसांना जे कळत नाही ते आपल्याला कळतं, हे सुख त्या जिवाला एरवी कुठं मिळणार? अमेरिकेतले जादूगार डेव्हिड कॉपरफिल्ड यांनी १९८२ साली 'प्रोजेक्ट मॅजिक' सुरू केलं, त्यात रुग्णांना हातांच्या व्यायामासाठी जादू शिकवतात. तिथंही हाताबरोबर मनाला उभारी मिळावी, हाच हेतू.

आठ-दहा दिवस आरशासमोर सराव, मग एकट्या आजीसमोर, मग एखाद्या मित्रासमोर, असं बेतानं जाऊ द्या. मी नेमकं हेच केलं नाही.

आजीसमोर दोनदा जमल्यावर मला कोण कौतुक! हळदीकुंकवाला वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. त्याला खेळातून बोलावून घेतलं आणि मधोमध उभं केलं. बिचारा करायला लागलाही. कोपरे दुमडले, चाचपलं, आणि मला एकदम आठवलं. मी मागून ओरडले, "अरे, सकाळी मोडलेली काडी शिवणीतून काढलीस का?"

सगळ्या खो-खो हसल्या. तो रुमाल तिथंच टाकून आत गेला. पुढं महिनाभर जादूचं नाव नाही, आणि कुणी आलं की पुन्हा पदराआड. एका रात्री अंथरूण घालताना मी त्याला म्हटलं, "चुकलं रे माझं. तुझं गुपित होतं ते." तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं मामाला फोन लावायला सांगितला.

एक मात्र लक्षात ठेवा. घरात भडाभडा बोलणारं मूल शाळेत महिनेच्या महिने तोंडच उघडत नसेल, तर तो नुसता लाजाळूपणा नव्हे. मुलांच्या डॉक्टरांचा किंवा मानसतज्ज्ञांचा सल्ला घ्या, रुमालावर विसंबू नका. आणि "लाजाळू" हा शब्द त्याच्यासमोर उच्चारणं आजपासून बंद करा. एवढं तर आपल्या हातात आहे ना?

मामानं फोनवर त्याला नाण्याची जादू शिकवली. पुढच्या हळदीकुंकवाला तो आपण होऊन बाहेर आला. हात मागं धरून शेजारच्या काकूंना म्हणाला, "काकू, तुमच्याकडं पाच रुपयांचं नाणं आहे का?" मी मुकाट्यानं पानसुपारीचं तबक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

तो आता कॉलेजात आहे. नाणं कुठं जातं ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.