आधी संडास, मग झोपाळा

कोकणातल्या जुन्या घराचं रील तुम्ही पाहिलं असेलच. मंगलोरी कौलं, सारवलेलं अंगण, ओटीवरचा झोपाळा, मागे पावसाचा आवाज. खाली कमेंट्समध्ये प्रत्येकाला नोकरी सोडून तिथे राहायला जायचं असतं. रात्री अडीच वाजता हातात बॅटरी घेऊन, ओल्या पायऱ्या उतरत परसातल्या संडासाकडे निघालेली म्हातारी मात्र त्या रीलमध्ये कधीच दिसत नाही. रील बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. राग आहे तो तसलं काहीतरी डोळ्यांसमोर ठेवून घराची दुरुस्ती ठरवणाऱ्यांवर.

जुन्या घराचा विषय निघाला की कुटुंबात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पाडा आणि स्लॅब टाका. दुसरा म्हणतो, वारसा आहे, खिळासुद्धा ठोकू नका. दोन्ही पक्ष बहुधा मुंबई-पुण्यात राहतात. गणपतीत पाच दिवस आणि मे महिन्यात आठ दिवस गावाला येतात. उरलेलं वर्षभर त्या घरात राहतात आजी, तिचं सगळं करणारे काका-काकू आणि बारावीला बसलेला त्यांचा मुलगा. त्यांना फोनवर एवढंच विचारलं जातं, “गवंडी आला का?”

आधी स्लॅबवाल्यांकडे बघू. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला, तर त्याचं वजन साधारण साडेतीन टन भरतं. तेवढ्याच खोलीवरची कौलं अर्ध्या टनाच्या आसपास असतात. हा बोजा आपण टाकतो चिखलात रचलेल्या जांभ्याच्या भिंतींवर, ज्या तो पेलायला कधी बांधल्याच नव्हत्या. वर बाहेरून सिमेंटचा गिलावा करतो. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते करू देतो, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला पोपडे सुटतात आणि मग म्हणायला मोकळे, “जुनं घर होतं, टिकणार कसं?” नव्या खोल्या वाढवायच्या तर त्यांचा पाया वेगळा घ्यावा, जुन्या भिंतीला चिकटवू नयेत, मध्ये सांधा सोडून त्यावर पन्हळ टाकावी. एवढं साधं काम वगळलं की जुना आणि नवा भाग आपापल्या गतीने खचतात आणि पहिली भेग नेमकी जोडावरच पडते.

आता वारसावाल्यांकडे. ज्या कौलांना ते हात लावू देत नाहीत, ती एके काळी नवलाईचीच होती. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. त्याआधी कित्येक घरांवर गवत होतं किंवा नळीची कौलं होती. पणजोबांनी गवत उतरवून मंगलोरी कौलं चढवली, तेव्हा परंपरा बुडाली नाही, गळती थांबली. घर बदलत गेलं म्हणूनच टिकलं. त्याचा उद्देश राहणाऱ्यांना निवारा देणं हा होता, आपल्याला बालपण परत देणं हा नव्हता.

आणि त्या बालपणाची किंमत कोणी मोजली? ओटी उजेडात आणि स्वयंपाकघर अंधारात, हा योगायोग नव्हता. पुरुष बसायचे तिथे वारा होता. बाया राबायच्या तिथे धूर होता, एक लहानशी खिडकी होती आणि पाणी विहिरीवरून आणावं लागत होतं. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना पंचवीस माणसांच्या पंगती आठवतात, त्यानंतरची भांडी आठवत नाहीत. आज त्याच घरात झोपाळा पॉलिश होतो, ओटीला महागडे दिवे लागतात आणि काकू अजून वाकून मोरीत भांडी घासते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पैसे देणारा ठरवणार. बरं, मग हिशोब पुरता मांडू. दर वर्षी पावसाआधी शाकारणी कोण करून घेतं? वाळवी कोण बघतं? आजीला रात्री उठवून औषध कोण देतं? याची पावती नसते म्हणून ते फुकट ठरत नाही. शहरातल्या भावाने लाखभर रुपये घातले असतील, तर गावातल्या भावजयीने त्या घरात वीस वर्षं घातली आहेत. नकाशावर तिचं बोट आधी फिरलं पाहिजे.

या हिशोबातून आणखी एक जण सोयीस्करपणे गळते. घरातली मुलगी. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात २३वं कलम होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरवल्याशिवाय स्त्री वारसाला मागता येत नसे. २००५च्या दुरुस्तीने ते कलम गेलं, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच असल्याचं स्पष्ट केलं. घराघरांत मात्र दुरुस्तीचा विषय निघाला की बहिणींपुढे आधी हक्कसोड पत्र येतं. “तुला कुठे राहायचंय इथे?” सही झाली की तिच्या मुलांसाठी ते मामाचं गाव उरतं, आईचं घर राहत नाही. वाढीव बांधकामात प्रत्येक भावाची खोली असते. परत यावं लागलं तर बहिणीने कुठे झोपायचं, हे नकाशात नसतं.

म्हणून माझा आग्रह कामाच्या क्रमाचा आहे. पहिलं, छप्पर आणि पाण्याचा निचरा. दुसरं, आजीच्या खोलीला लागून संडास-न्हाणीघर, न घसरणारी फरशी, भिंतीला धरायला दांडा. तिसरं, स्वयंपाकघरात उजेड, नळ, उभ्याचा ओटा. चौथं, दाराशी उतार. एक फूट चढायला बारा फूट लांबी धरतात, म्हणजे जोतं दीड फूट असेल तर अठरा फूट उतार. तो नंतर कुठेतरी घुसडता येत नाही, आधीच जागा ठेवावी लागते. पाचवं, तरुणांना कडी असलेली एक खोली, कारण तीन पिढ्या एका छपराखाली नांदायच्या तर दार लावून घेण्याची सोय हवी. एवढं करून पैसे उरले तर झोपाळा खुशाल टांगा.

या गणपतीत आरती आटोपल्यावर मोठी माणसं दुरुस्तीचं बोलायला बसतील, तेव्हा कागद-पेन्सिल तुम्ही हातात घ्या. आत जाऊन आजीला विचारा, काकूला विचारा, आत्याला फोन लावा. त्या सांगतील ते लिहा आणि कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकाशी ताडून बघा. त्यांचं पहिलं काम त्याच्या यादीत शेवटी असेल किंवा नसेलच, तर आगाऊ रक्कम देऊ नका.